हायपरवायझरवर प्रबंध करायचा तर विषय कुठे शोधायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सांगलीत एम.टेक. करणाऱ्या एका विद्यार्थिनीला ऑपरेटिंग सिस्टिम व्हर्च्युअलायझेशन आणि हायपरवायझर या विषयावर प्रबंध करायचा आहे. हायपरवायझर म्हणजे एका खऱ्या यंत्रावर अनेक आभासी यंत्रं, म्हणजे व्हीएम, चालवणारा थर; व्हीएमच्या आतली सिस्टिम ती गेस्ट, खालचं खरं यंत्र तो होस्ट. सर म्हणतात की या क्षेत्रात आता नवं काही उरलेलं नाही, सगळे कंटेनरवर गेले. लॅबमध्ये सर्व्हर नाही, साधे डेस्कटॉप आहेत. काय वाचावं, विषय कोणता घ्यावा आणि एवढ्या सामग्रीवर काही होईल का?

होईल. सामग्रीची अडचण तुम्हाला वाटते तेवढी मोठी नाही, खरी अडचण विषय निवडण्याची आहे. मी बरीच वर्षं लिनक्स कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आणि त्यातला हायपरवायझर केव्हीएम यांवर काम करतो आहे, हल्ली सांगलीतच विश्रामबागेत घरी बसून. त्यामुळे पुढचं सगळं कर्नलच्या बाजूने बघणाऱ्या माणसाचं मत आहे, तेवढं धरून वाचा. क्लाउडचा कारभार बघणारे कदाचित वेगळं सांगतील.

सरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. कंटेनर म्हणजे एकाच कर्नलवर चालणाऱ्या प्रोसेस, फक्त नेमस्पेस आणि सी-ग्रुप या कर्नलच्याच सोयी लावून एकमेकींपासून लपवलेल्या. हलक्या असतात, झटकन सुरू होतात, म्हणून सगळे तिकडे गेले हे खरं. पण कर्नल सगळ्यांत मिळून एकच असल्यामुळे कर्नलला पडलेलं भोकही सगळ्यांचंच होतं. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन गिऱ्हाइकांचा कोड एकाच मशीनवर चालवायची वेळ आली की मोठ्या कंपन्या निमूटपणे हायपरवायझरकडे वळतात. अ‍ॅमेझॉनच्या लॅम्बडा या गिऱ्हाइकांचा कोड चालवून देणाऱ्या सेवेच्या तळाशी फायरक्रॅकर नावाचा छोटा हायपरवायझर आहे. २०१८ मध्ये त्यांनी तो खुला केला, २०२० मध्ये एनएसडीआय परिषदेत त्यावर पेपर आला. रस्ट भाषेत लिहिलेला, केव्हीएमवर बसणारा. व्हीएम सव्वाशे मिलिसेकंदांत उठते आणि प्रत्येक व्हीएममागे जादा मेमरी पाच एमबीच्या आत. त्यात नेटवर्क, डिस्क, सीरियल कन्सोल अशी मोजकीच उपकरणं आहेत, आणि एक कीबोर्ड कंट्रोलर, तोही फक्त मशीन बंद करण्यापुरता. हा कंजूषपणा उगाच आलेला नाही. २०१५ मध्ये 'व्हेनम' नावाची चूक सापडली ती क्यूईएमयूच्या, म्हणजे व्हीएमसाठी यंत्राच्या उपकरणांची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामच्या, फ्लॉपी कंट्रोलरमध्ये. फ्लॉपी कोणी वापरत नव्हतं, पण तिचा कोड मात्र गेस्टच्या हाताला लागत होता. तेव्हा कंटेनर आल्यामुळे हायपरवायझर संपला असं काही झालं नाही, तो बारीक झाला. एवढा बारीक केल्यावर त्यात काय राहिलं पाहिजे आणि काय नको, यावर अजून भांडणं चालू आहेत. भांडण चालू असेल तिथे संशोधन असतंच.

शिवाय 'यात काही उरलं नाही' हे वाक्य या क्षेत्राला नवं नाही. आयबीएमच्या अमेरिकेतल्या केंब्रिज केंद्रात १९६० च्या दशकाच्या मध्यात सीपी-४० हा सुरुवातीचा हायपरवायझर बनला, त्यातून सीपी-६७ आला, १९७२ मध्ये व्हीएम/३७० बाजारात आला. पुढे यंत्रं स्वस्त झाली, प्रत्येकाच्या टेबलावर आपापला संगणक आला आणि एका यंत्राचे दहा भाग करायची गरजच संपली. प्रोसेसर बनवणाऱ्यांनीही त्याकडे लक्ष देणं सोडून दिलं. मग १९९७ मध्ये स्टॅनफर्डमधून डिस्को आला. अनेक प्रोसेसरच्या मोठ्या यंत्रासाठी नवी ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत बसण्यापेक्षा खाली हायपरवायझर घालू आणि वर बाजारातलीच सिस्टिम चालवू, एवढाच त्याचा मुद्दा. पुढच्याच वर्षी त्यातल्या लोकांनी व्हीएमवेअर काढली.

आता वाचन. पन्नास पेपरची यादी करून सगळ्यांचे सारांश वाचण्यापेक्षा पाचच घ्या आणि हातात पेन्सिल घेऊन वाचा.

पहिला पोपेक आणि गोल्डबर्ग यांचा, १९७४ चा. त्यातला मुख्य सिद्धांत एका वाक्याचा आहे. ज्या सूचना यंत्राची स्थिती बदलतात किंवा उघड करतात, त्या सगळ्या विशेषाधिकाराच्या असतील, म्हणजे साध्या मोडमध्ये चालवल्यावर ट्रॅप होत, म्हणजे अडून खालच्या थराकडे जात असतील, तर त्या यंत्रावर सरळ मार्गाने हायपरवायझर बांधता येतो. वाचताना हे उघड वाटतं. ते उघड नाही हे कळायला एक्स-८६ ची, म्हणजे नेहमीच्या इंटेल-एएमडी प्रोसेसरची, 'पॉप-एफ' ही सूचना पाहा. कर्नल तिने इंटरप्ट, म्हणजे उपकरणांच्या हाका, बंद-चालू करतो. तीच सूचना कमी अधिकाराच्या पातळीवर (रिंगमध्ये) चालवली तर ट्रॅप होत नाही, इंटरप्टचा बिट तेवढा न बदलता पुढे जाते. तक्रार नाही, चूक नाही, काही नाही. वरच्या गेस्ट कर्नलला वाटतं इंटरप्ट बंद झाले, आणि खाली हायपरवायझरला पत्ताच नाही. २००० साली रॉबिन आणि अर्व्हिन यांनी पेंटियमच्या सूचना एकेक करून तपासल्या आणि अशा १७ सूचना काढून दाखवल्या. या १७ सूचनांभोवती पुढची पाच-सहा वर्षं सगळं क्षेत्र फिरत होतं. व्हीएमवेअर आधीपासूनच गेस्टचा कोड चालता चालता बदलून घेत होती, त्याला बायनरी ट्रान्सलेशन म्हणतात. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या देनालीने आणि २००३ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या झेनने गेस्ट कर्नललाच सांगितलं, बाबा, तू यंत्रावर नाहीस, माझ्यावर चालतो आहेस, तेव्हा अशा सूचना वापरू नकोस, मला विचार. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडीने प्रोसेसरमध्येच सोय करून दिली आणि २००७ मध्ये केव्हीएम लिनक्स २.६.२० बरोबर मुख्य कर्नलमध्ये आला. झेनचा पेपर हा तुमचा दुसरा.

तिसरा पेपर माझ्या सर्वांत आवडीचा आहे आणि तो सहसा कोणी मुलांना वाचायला देत नाही. २००६ चा, अ‍ॅडम्स आणि एगसन यांचा. इंटेलची नवी हार्डवेअर सोय नुकतीच आलेली, सगळ्यांनी धरून चाललेलं की आता सॉफ्टवेअरच्या कसरती संपल्या. या दोघांनी दोन्ही मार्ग शेजारी ठेवून मोजले. बऱ्याच कामांत जुनी सॉफ्टवेअरची पद्धतच वेगवान निघाली. कारण पहिल्या पिढीच्या हार्डवेअरमध्ये पेज टेबलसाठी, म्हणजे मेमरीच्या तुकड्यांचे (पेजेसचे) पत्ते ठेवणाऱ्या तक्त्यासाठी, काहीच मदत नव्हती. गेस्टने पेज टेबलला हात लावला की बाहेर पड, हायपरवायझरमध्ये जा, परत ये. त्या वेळच्या प्रोसेसरवर अशी एकेक फेरी हजारो सायकल खायची. बायनरी ट्रान्सलेशनवाला मात्र अशा जागा ओळखून तिथला कोडच बदलून टाकायचा, म्हणजे फेरीच वाचायची. हे दोघे व्हीएमवेअरचे होते, त्यामुळे निकाल त्यांच्या सोयीचा होता हे विसरू नका. तरी मोजमाप चोख आहे आणि कारणमीमांसा त्याहून चोख. ही फेरी, म्हणजे व्हीएम-एक्झिट, किती वेळा होते, का होते आणि एकेक केवढ्याला पडते, या तीन प्रश्नांवर गेल्या वीस वर्षांतलं निम्मं संशोधन उभं आहे.

पुढे पेज टेबलसाठीही हार्डवेअर आलं, तर त्याची वेगळीच किंमत निघाली. साध्या यंत्रावर चार पातळ्यांच्या पेज टेबलमधून पत्ता शोधायला मेमरीत चार वेळा डोकवावं लागतं. गेस्टच्या चार आणि होस्टच्या चार पातळ्या एकमेकींत गुंतल्या की हा आकडा वाईटात वाईट चोवीसवर जातो. कसा, ते कागदावर चौकोन काढून मोजून बघा. हा हिशेब स्वतः केल्याशिवाय मोठ्या पेजेस व्हीएममध्ये एवढा फरक का पाडतात ते डोक्यात शिरत नाही.

चौथा वाल्डस्पर्गर यांचा २००२ चा, मेमरी व्यवस्थापनावरचा. बलूनिंगची कल्पना त्यात आहे. होस्टला मेमरी परत हवी असेल तर गेस्टमधली कोणती पेजेस निकामी आहेत हे होस्टला कळत नाही. मग गेस्टच्या आतच एक ड्रायव्हर बसवायचा, त्याने मेमरी मागत सुटायचं, आणि काय टाकून द्यायचं ते गेस्टनेच आपल्या अकलेने ठरवायचं. फार हुशारीचा पेपर आहे, भाषाही सोपी. पाचवा थेट स्थलांतरावरचा, म्हणजे चालू व्हीएम दुसऱ्या यंत्रावर हलवण्यावरचा, क्लार्क आणि सहकाऱ्यांचा, २००५ चा. त्याच्याकडे खाली येतोच.

वाचता वाचता एक गोष्ट जाणवेल. यातल्या बहुतेक भानगडींचं मूळ एकच: वरच्याला खालचं दिसत नाही आणि खालच्याला वरचं. आपल्याकडच्या कुठल्याही बागायतदाराला हे एका मिनिटात समजेल. उपसा योजनेचं आवर्तन सुटतं ते पाटबंधारेवाल्यांच्या तक्त्यावर, मोटरला थ्री फेज लाईट मिळते ती वीजवाल्यांच्या तक्त्यावर. दोन्ही तक्ते आपापल्या जागी नीट असतात, आणि पाटात पाणी असताना मोटरला लाईट नाही असं घडतंच. हायपरवायझरमध्येही दोन शेड्युलर, म्हणजे प्रोसेसरवर कोणी कधी चालायचं ते ठरवणारे, असतात. गेस्टचा शेड्युलर ठरवतो की अमुक थ्रेडने आता चालायचं. त्या थ्रेडने स्पिनलॉक (ज्यासाठी बाकीचे जागच्या जागी फिरत थांबतात असं कुलूप) घेतला, आणि नेमक्या त्याच क्षणी होस्टच्या शेड्युलरने तो अख्खा व्हीसीपीयू, म्हणजे गेस्टचा आभासी प्रोसेसर, बाजूला ठेवला. आता उरलेले व्हीसीपीयू त्या लॉकसाठी गरागरा फिरत बसतात. होस्टला ते कामात दिसतात, म्हणून त्यांना वेळही मिळत राहतो. याला लॉक-होल्डर प्रीएम्प्शन म्हणतात, २००४ पासून त्यावर लिहिलं जातंय. लिनक्सने २००८ मध्ये स्पिनलॉक रांगेचे केले तेव्हा साध्या यंत्रावर सगळ्यांना न्याय मिळाला, पण व्हीएममध्ये दुखणं वाढलं. कारण आता लॉक मोकळा असला तरी रांगेत ज्याचा नंबर आहे तो झोपलेला असला की मागचे सगळे खोळंबतात. मग प्रोसेसरमध्ये फिरणारा लूप ओळखणारी सोय आली, कर्नलमध्ये हायपरवायझरला सांगून झोपणारे लॉक आले. प्रश्न पुरता सुटला का? जेवढे खरे कोअर त्याच्या दुप्पट-तिप्पट व्हीसीपीयू चढवून बघा, मग बोलू.

आता विषयाबद्दल. काय घेऊ नये ते आधी सांगतो, कारण त्यात वर्षं वाया जाताना पाहिली आहेत. क्लाउडसिमसारख्या सिम्युलेटरमध्ये व्हीएम कुठल्या होस्टवर ठेवायची याचा नवा अल्गोरिदम, मुंग्या, मधमाशा नाहीतर लांडगे यांच्या नावाचा, आणि शेवटी 'वीज इतके टक्के वाचली' असा आलेख. सिम्युलेटर आपल्या जागी चांगलं साधन आहे. पण त्यात स्थलांतराला किती वेळ लागतो, व्हीएम किती मेमरी घाण करते, म्हणजे बदलते, हे आकडे तुम्हीच भरता, आणि निष्कर्ष त्याच आकड्यांतून निघतो. त्यात हायपरवायझर कुठेच नसतो. प्रबंध मंजूर होईल, नाही असं नाही. पण तोंडी परीक्षेत कोणी 'एका व्हीएम-एक्झिटला किती सायकल लागतात' असं विचारलं तर उत्तर येणार नाही.

तुम्ही सांगलीत आहात म्हणून एक विषय सुचवतो, जो मुंबई-बंगळूरच्या विद्यार्थ्याला सहज सुचणार नाही. २००५, २०१९, २०२१, तिन्ही महापुरांत इथल्या तळमजल्यावरच्या सर्व्हर खोल्यांचं काय होऊ शकतं हे इथल्या माणसाला सांगायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर आलं की इशारा, ४५ फुटांवर धोका. म्हणजे संकट अचानक येत नाही, वेळ देऊन येतं. आता एखाद्या पतसंस्थेची व्हीएम चालू असतानाच सांगलीतून पुण्याच्या यंत्रावर हलवायची आहे. मधे १०० मेगाबिटची लाईन. जमेल का?

क्लार्कच्या पेपरमध्ये झेनवर चाललेला क्वेक ३ या खेळाचा सर्व्हर एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेताना फक्त ६० मिलिसेकंद थांबला. पण ते एका खोलीतल्या वेगवान नेटवर्कवर. पद्धत प्री-कॉपीची: व्हीएम चालू ठेवून सगळी मेमरी पाठवायची, तोवर जी पेजेस बदलली ती पुन्हा पाठवायची, पुन्हा बदललेली पुन्हा, आणि थोडीच उरली की क्षणभर थांबवून शेवटची खेप.

आपल्या लाईनवर हिशेब मांडा. १०० मेगाबिट म्हणजे जास्तीत जास्त साडेबारा एमबी प्रतिसेकंद. १६ जीबी मेमरी पहिल्या खेपेला सुमारे २३ मिनिटं घेणार. व्हीएम सेकंदाला ५ एमबी वेगाने पेजेस बदलत असेल तर दुसरी खेप पहिलीच्या चाळीस टक्के, तिसरी दुसरीच्या चाळीस टक्के, असं करत एकूण ३८ मिनिटांच्या आसपास काम संपतं. पण बदलाचा वेग साडेबारा एमबीच्या वर गेला, म्हणजे सेकंदाला तीन हजारांच्या वर पेजेस, की हे स्थलांतर कधीच पूर्ण होत नाही. रात्रभर चालू ठेवा, तरी नाही. आणि पूर आलाय म्हणून पतसंस्था दिवसअखेर करायची थांबत नाही. उलट लाईट जायच्या आत उरकून घ्या म्हणून सगळ्या शाखा एकदमच बसतात, म्हणजे मेमरी नेमकी तेव्हाच सर्वांत जास्त बदलते.

यावर उपाय आहेत, आणि प्रत्येकाला कुठेतरी मार आहे. क्यूईएमयूमध्ये गेस्टचा वेग मुद्दाम कमी करत नेण्याची सोय आहे, म्हणजे बदल मंदावतो आणि स्थलांतर संपतं. पण काउंटरवरचा माणूस तोवर वैतागतो. पेजमध्ये एक बाइट बदलला तरी चारही केबी जातात, म्हणून फक्त फरक पाठवायची पद्धतही आहे. ती काही कामांना मस्त लागू पडते, काहींना नुसता सीपीयू खाते. पोस्ट-कॉपीत उलटं करतात: आधी व्हीएम पलीकडे सुरू करायची आणि लागेल तसं पेज इकडून ओढायचं. प्रत्येक पेज एकदाच जातं, म्हणून काम नक्की संपतं. पण लाईनवर जाऊन-येऊन २० मिलिसेकंद लागत असतील तर एका व्हीसीपीयूला सेकंदाला फार तर पन्नासच पेजेस ओढून मिळतील. त्याहून वाईट म्हणजे अर्धी व्हीएम तिकडे, अर्धी इकडे अशा अवस्थेत लाईन तुटली तर व्हीएम गोठते. क्यूईएमयू लाईन परत आल्यावर ते स्थलांतर पुढे नेऊ शकतो, पण इकडचं यंत्र पाण्यात गेलं असेल तर पुढे काय नेणार?

२००८ च्या रीमस या पद्धतीची कल्पना वेगळी आहे. दर २५ मिलिसेकंदांनी बदललेली सगळी स्थिती दुसरीकडे पाठवत राहायची आणि ती पोचल्याची पावती येईपर्यंत बाहेर जाणारं नेटवर्क पॅकेट रोखून धरायचं. इकडचं यंत्र गेलं तरी तिकडचं उठतं. आपल्या लाईनवर २५ मिलिसेकंदांत फार तर ७६ पेजेस मावतात. मग अंतर वाढवायचं, म्हणजे प्रत्येक उत्तर तेवढं उशिरा बाहेर पडणार.

डिस्कचं तर बोललोच नाही. २०० जीबी डिस्क याच लाईनवर साडेचार तासांच्या आसपास खाते. म्हणजे डिस्क आधीपासून मिरर ठेवणं भाग आहे, पावसाळाभर. तिकडे गेल्यावर आयपी पत्त्याचं काय, हा आणखी एक मुद्दा. तो बोगद्याने, म्हणजे व्हीपीएनने सुटतो, त्यावर प्रबंधात पानं खर्च करू नका.

तर प्रश्न असा मांडता येईल: हातात ठरावीक वेळ आहे, यूपीएस आणि जनरेटरच्या डिझेलने ठरवलेला. लाईन अरुंद आहे आणि मधेच तुटू शकते. गेस्टचा बदलाचा वेग आपण मोजतो आहोत. अशा वेळी कोणत्या क्षणी कोणती पद्धत सुरू करायची, आणि कोणत्या क्षणी सगळं सोडून व्हीएम सरळ थांबवून २३ मिनिटांत मेमरी पाठवून द्यायची? हा शेवटचा पर्याय लोकांना कमीपणाचा वाटतो. मला नाही वाटत. त्याची वेळ आधी सांगता येते, आणि अडचणीच्या वेळी तेवढंच हवं असतं. मुदतीत स्थलांतर पूर्ण करण्यावर आधी काम झालेलं आहे, ते शोधून वाचा. पण त्यात बहुधा डेटा सेंटरमधली रुंद आणि न तुटणारी लाईन गृहीत असते. तुमची जागा तिथे आहे.

याला सर्व्हर लागत नाही. दोन डेस्कटॉप, दोन्हींत व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्ही. प्रोसेसरमधली ही व्हर्च्युअलायझेशनची सोय बायोसमध्ये बऱ्याचदा बंद असते, चालू करून घ्या. मधे एक साधा स्विच, आणि लिनक्सचं नेटएम वापरून लाईन हवी तेवढी अरुंद, उशिराची आणि गळकी करता येते. लाईन तोडायची तर केबल उपटा. क्यूईएमयूमध्ये स्थलांतर न करताही पेजेस बदलण्याचा वेग मोजून देणारी आज्ञा आहे, तिथून सुरुवात करा. नुसत्या रिकाम्या व्हीएमवर, मग डेटाबेसवर, मग दिवसअखेरसारख्या बॅचवर. तिन्हींचे आलेख एकाखाली एक ठेवलेत तर निम्मा प्रबंध तिथेच दिसेल.

मोजताना काळजी घ्या, कारण व्हीएममधलं घड्याळ तुम्हाला फसवू शकतं. गेस्टच्या आतून वेळ मोजलात आणि मधे होस्टने व्हीसीपीयू बाजूला ठेवला तर तो वेळही तुमच्या खात्यात पडतो. म्हणून स्टील टाइम, म्हणजे असा हिरावून घेतलेला वेळ, नेहमी शेजारी नोंदवा, आणि शक्य तिथे होस्टवरून मोजा. व्हीसीपीयू ठरावीक कोअरला बांधा. प्रोसेसरचा टर्बो बंद करा, फ्रिक्वेन्सी एका जागी धरा. एका कोअरवरचे दोन हायपरथ्रेड दोन व्हीएमना देऊ नका. व्हीएम-एक्झिटची किंमत मोजायला केव्हीएम-युनिट-टेस्ट्समध्ये तयार चाचण्या आहेत. आजच्या प्रोसेसरवर साध्या फेरीला हजारभर ते दोन हजार सायकलच्या घरात आकडा दिसावा, फार वेगळा आला तर आधी स्वतःवर शंका घ्या. प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या चुकांवरच्या दुरुस्त्या चालू आहेत की बंद तेही लिहा. २०१८ मध्ये एल-१ टर्मिनल फॉल्ट ही अशीच चूक उघड झाल्यापासून काही प्रोसेसरवर गेस्टमध्ये शिरताना कॅश रिकामी केली जाते आणि आकडे बदलतात. ही माहिती न लिहिलेले पेपर मी बाजूला ठेवतो. आणि प्रत्येक प्रयोग पुन्हा पुन्हा करून नुसती सरासरी न देता पसारा द्या. स्थलांतरात सरासरी ठीक दिसते आणि दहातलं एक प्रकरण अडकून बसतं. खरी बातमी त्या एकाची असते.

नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे व्हीएमच्या आत हायपरवायझर, यावर २०१० चा आयबीएम हायफाचा 'टर्टल्स' पेपर सुंदर आहे आणि डेस्कटॉपवर करून बघता येतो, पण त्यात आता गर्दी आहे. गोपनीय व्हीएम, म्हणजे जिच्या आत होस्टलाही बघता येत नाही अशी, एएमडीचं एसईव्ही नाहीतर इंटेलचं टीडीएक्स, आज सर्वांत गरम विषय. पण त्याला त्या जातीचा सर्व्हर प्रोसेसर हातात लागतो. तो नसताना फक्त वाचून लिहिलेला प्रबंध पोकळ होतो. रिस्क-फाइव्ह या खुल्या प्रोसेसर आराखड्याचा हायपरवायझर विस्तार २०२१ मध्ये मंजूर झाला, क्यूईएमयूवर तो नक्कल करून चालवता येतो, शिकायला उत्तम. मात्र नकलेवर घेतलेले वेगाचे आकडे प्रबंधात घालू नका, ते त्या प्रोसेसरचे नसतात, नकलेचे असतात.

खऱ्या कामाचा भार कुठून आणायचा, हा प्रश्न येईलच. पतसंस्था, बाजार समितीतल्या अडत पेढ्या, साखर कारखान्याचा वजनकाटा, सगळीकडे हल्ली व्हीएम आहेत. एका कारखान्यात काट्याचं जुनं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालेना म्हणून एक्सपीची व्हीएम करून ठेवलेली मी पाहिली आहे, गळीत हंगामात चोवीस तास चालायची. असे लोक मदत करतात, पण त्यांच्या यंत्राला हात लावायच्या आधी लेखी परवानगी घ्या आणि मेमरीतला मजकूर चुकूनही साठवू नका, त्यात खातेदारांचा तपशील असतो. तुम्हाला लागतो फक्त आकडा: दर सेकंदाला किती पेजेस बदलली. तेवढी दोन रकान्यांची फाइल घ्या आणि लॅबमध्ये तोच वेग धरून पेजेस बदलणारा छोटा सी प्रोग्राम लिहा. पोस्टग्रेस या डेटाबेसबरोबर येणारं पीजीबेंच हे वेग मोजायचं साधन शेजारी चालवलंत तर तुलनेला सगळ्यांच्या ओळखीचा आकडाही मिळेल.